नैरोबीत स्ट्रीमिंग पहिला महिना चालते आणि मग अडते: कारणे आणि उपाय

भारतातून नोकरीनिमित्त नैरोबीत आलेल्या मराठी कुटुंबांकडून एकच तक्रार इतक्या वेळा ऐकली आहे की तिचा क्रमही आता पाठ झाला आहे. पार्कलँड्स किंवा वेस्टलँड्समध्ये घर मिळते, फायबरची जोडणी होते, सामानाबरोबर आणलेल्या टीव्हीवर जुन्याच खात्याने नेटफ्लिक्स किंवा तशीच एखादी सेवा सुरू होते आणि पहिले तीन-चार आठवडे सगळे सुरळीत चालते. त्यानंतर एके दिवशी वर्गणी नाकारली जाते, किंवा टीव्ही कोड मागू लागतो, किंवा रात्री नऊच्या सुमारास चित्र थबकते आणि मधोमध चाक फिरत राहते. मग राउटर बंद करून पुन्हा सुरू केला जातो, ॲप काढून पुन्हा टाकले जाते, इंटरनेट कंपनीचा फुंडी, म्हणजे आपल्याकडचा कारागीर, येऊन वायर बदलून जातो. दोन दिवस बरे जातात आणि दुखणे पुन्हा सुरू होते.

ते पुन्हा पुन्हा सुरू होते, कारण बहुतेक वेळा त्याचे मूळ वेगात नसतेच. स्ट्रीमिंग सेवेच्या हिशेबात प्रत्येक प्रेक्षकाचे चार देश असतात. खाते ज्या देशात उघडले तो एक, पैसे ज्या देशाच्या कार्डातून जातात तो दुसरा, फोनवरचे किंवा टीव्हीवरचे ॲपचे दुकान ज्या देशाचे आहे तो तिसरा आणि इंटरनेटचा पत्ता ज्या देशाचा दिसतो तो चौथा. पुण्यात किंवा नाशकात असताना हे चारही एकच असतात, त्यामुळे ते वेगळे आहेत याची जाणीवही होत नाही. नैरोबीत उतरल्या दिवशी यांतला फक्त चौथा बदलतो आणि उरलेले तीन मागे भारतातच राहतात. सेवा काही दिवस हे चालवून घेते, कारण प्रवासात असलेल्या ग्राहकासाठी तशी सोय ठेवलेली असते. पण राहायलाच आलेल्या माणसाला ती सोय पुरत नाही.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट नीट पाहावी: पडद्यावर काही लिहून येते की नुसते चाक फिरते? लिहून येत असेल, म्हणजे पैसे भरण्याविषयी, घराविषयी, देशाविषयी किंवा प्रॉक्सीविषयी (म्हणजे आपला खरा इंटरनेट पत्ता झाकणाऱ्या मध्यस्थाविषयी) काही सांगितले जात असेल, तर ते काम खात्याचे आहे आणि राउटरला हात लावून उपयोग नाही. नुसते चाक फिरत असेल किंवा चित्र पुसट होत असेल तर ते काम जोडणीचे आहे. ही दोन्ही दुखणी एकाच आठवड्यात आली की घरातले लोक ती एकच समजतात आणि तिथेच घोळ होतो.

पैसे: पहिला हप्ता जातो, दुसरा अडतो

सर्वांत जास्त वेळा दिसणारी अडचण ही आहे. भारतीय कार्डाने पहिला महिना भरला जातो, कारण त्या वेळी आपण समोर असतो आणि आलेला ओटीपी टाकतो. दुसऱ्या महिन्यात सेवा स्वतःहून रक्कम मागते आणि बँक नाही म्हणते. यात सेवेचाही दोष नाही आणि खात्यातल्या शिलकीचाही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून भारतीय कार्डावरून आपोआप जाणाऱ्या कोणत्याही हप्त्यासाठी आधी रीतसर ई-मँडेट, म्हणजे दर महिन्याला पैसे कापण्याची आगाऊ ऑनलाइन परवानगी, नोंदवावे लागते, आणि रक्कम जाण्यापूर्वी किमान २४ तास ग्राहकाला सूचना द्यावी लागते. हा नियम परदेशी विक्रेत्यांनाही लागू आहे. ज्या विक्रेत्याने भारतीय बँकांशी ही व्यवस्था जोडलेली नाही, त्याचा पहिला हप्ता ओटीपीवर जातो आणि दुसरा परत येतो. जून २०२२ मध्ये ओटीपीशिवाय जाऊ शकणाऱ्या हप्त्याची मर्यादा ५,००० रुपयांवरून १५,००० रुपये झाली, पण कोणत्याही स्ट्रीमिंगची मासिक वर्गणी त्याच्या कितीतरी खाली असते. म्हणजे अडचण रकमेची नसून नोंदणीची आहे.

त्यातच दोन गोष्टी आणखी मिसळतात. पहिली, २०२० पासून नवीन किंवा बदलून मिळालेले भारतीय कार्ड मुळात फक्त देशांतर्गत एटीएम आणि दुकानांतल्या मशीनपुरतेच सुरू असते; ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपल्याला बँकेच्या ॲपमध्ये जाऊन वेगळे सुरू करावे लागतात. कार्डाची मुदत संपून नवे कार्ड आले की ही बटणे पुन्हा बंद असतात, आणि ते कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसरी, ओटीपी भारतीय सिमवर येतो. ते सिम इथे आल्यावर ड्यूअल-सिम फोनच्या दुसऱ्या खणात जाते, रिचार्ज संपतो, रोमिंग बंद होते आणि ओटीपी येणे थांबते. जी अडचण स्ट्रीमिंगची वाटत होती ती खरे तर भारतातल्या प्रीपेड सिमची निघते.

यावर भारतातून तात्पुरता उपाय शोधत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. यूपीआयच्या भरवशावर राहणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की परदेशी मोबाइल क्रमांकावर अनिवासी खात्याचे यूपीआय चालवण्याची परवानगी जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांसाठी जाहीर झाली, तेव्हा त्या यादीत आफ्रिकेतला एकही देश नव्हता. फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय चालते हे खरे, पण ते भारतातून गेलेल्या पर्यटकाने दुकानात क्यूआर कोड स्कॅन करण्यासाठी आहे. केनियात राहून केनियाच्या वर्गणीचा मासिक हप्ता भरण्याशी त्याचा संबंध नाही.

इथला सरळ मार्ग इथल्याच पैशातून जातो. केनियात मार्च २००७ पासून एम-पेसा, म्हणजे मोबाइल क्रमांकावरून पैसे देण्या-घेण्याची सेवा, आहे, आणि भाजीवाल्यापासून घरभाड्यापर्यंत सगळे त्यावर चालते. परंतु एम-पेसा हे स्वतः कार्ड नाही, आणि बहुतेक आंतरराष्ट्रीय सेवांना नियमित हप्त्यासाठी कार्ड लागते. हा खड्डा भरून काढण्यासाठी एम-पेसा चालवणाऱ्या सफारीकॉम या मोबाइल कंपनीने व्हिसाबरोबर जून २०२२ मध्ये ग्लोबलपे नावाचे आभासी कार्ड सुरू केले. ते एम-पेसाच्या ॲपमधून किंवा *३३४# डायल करून सुरू करता येते. त्याचा तीन आकडी सुरक्षा अंक ठरावीक वेळेपुरताच चालतो, म्हणून तो आधी काढून ठेवू नये. सेवेच्या पानावर कार्ड क्रमांक टाकून झाल्यावरच काढावा. अनेकांचे कार्ड पहिल्याच प्रयत्नात नाकारले जाते त्याचे कारण बहुतेक वेळा सकाळी लिहून ठेवलेला अंक संध्याकाळी टाकला जाणे हेच असते.

ग्लोबलपेचीही एक मासिक खोच आहे. हे कार्ड थेट एम-पेसाच्या शिलकीवर चालते. हप्ता ज्या दिवशी जातो त्या दिवशी शिल्लक नसेल तर तो परत येतो, आणि महिनाअखेरीस भाडे, वीज आणि शाळेची फी भरून झाल्यावर शिल्लक बहुतेकांची शून्याच्या आसपासच असते. नेटफ्लिक्ससारख्या सेवेत वर्गणीची तारीख कोणती आहे हे खात्याच्या पानावर दिसते. ती पगारानंतर चार-पाच दिवसांची असावी अशा बेताने वर्गणी सुरू केली तर ही कटकट पुन्हा उद्भवत नाही. ज्यांचे केनियातील बँकेत खाते उघडले आहे त्यांनी बँकेचे डेबिट कार्ड वापरावे हे उत्तम, मात्र ऑनलाइन व्यवहार त्यावर सुरू आहेत ना हे शाखेत एकदा विचारून घ्यावे. वर्गणीवर इथे १६ टक्के मूल्यवर्धित कर लागू होतो, म्हणून दर पाहताना तो धरलेला आहे की नाही हेही पाहावे.

जाता जाता एक जुनी गोष्ट. इंटरनेटवर शोधल्यास केनियात नेटफ्लिक्स फोनवर फुकट मिळते असे सांगणारे लेख अजून सापडतात. ते पूर्वी खरे होते: सप्टेंबर २०२१ मध्ये अँड्रॉइड फोनपुरती अशी योजना केनियात सुरू झाली होती आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ती बंद झाली. ती शोधण्यात संध्याकाळ घालवू नये.

खाते: वडिलांच्या फोनवर येणारा कोड

दुसरी अडचण पैशाची नसून नात्याची आहे. खाते पुण्यात वडिलांच्या नावावर असते, सगळे कुटुंब तेच वापरत आलेले असते, आणि नैरोबीतल्या टीव्हीवर दर काही दिवसांनी असा मजकूर येतो की हा टीव्ही या खात्याच्या घराचा भाग नाही. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात हा नियम लागू केला. त्यावर तात्पुरता कोड मागवता येतो, परंतु तो कोड खातेदाराच्या ईमेलवर किंवा फोनवर जातो आणि तो १५ मिनिटेच चालतो. नैरोबीचे घड्याळ भारताच्या अडीच तास मागे आहे. आपण इथे जेवण आटोपून साडेनऊला टीव्हीसमोर बसतो तेव्हा पुण्यात बारा वाजलेले असतात. वडील झोपलेले असतात, कोड त्यांच्या उशाशी येऊन मरतो, आणि सकाळी आई फोन करून विचारते की रात्री हे कसले मेसेज येत होते.

या अडचणीवर एकच टिकाऊ उपाय आहे, तो म्हणजे वेगळे खाते. ज्यांना आपल्या आवडीनिवडी, अर्धवट राहिलेल्या मालिका आणि मुलांची यादी गमवायची नाही त्यांच्यासाठी प्रोफाइल दुसऱ्या खात्यात हलवण्याची सोय नेटफ्लिक्समध्ये ऑक्टोबर २०२२ पासून आहे. ती सोय मूळ खातेदाराला आधी सुरू करावी लागते, म्हणून हे काम रविवारी दुपारी, दोन्हीकडचे लोक जागे असताना, फोनवर बोलत बोलत करावे.

खाते स्वतःचेच असेल तर प्रश्न वेगळा होतो. भारतात उघडलेल्या खात्याचा देश सेटिंगमध्ये जाऊन बदलता येत नाही. वर्गणी रद्द करावी लागते, भरलेला महिना संपेपर्यंत थांबावे लागते, आणि नंतर केनियातल्या इंटरनेटवरून त्याच ईमेलने पुन्हा सुरू करावी लागते. तेव्हा योजना केनियाच्या आणि दर शिलिंगमध्ये दिसतात. पाहिलेल्या गोष्टींची नोंद रद्द केल्यानंतरही १० महिने राखून ठेवली जाते, त्यामुळे भीतीचे कारण नाही. ज्यांची वर्गणी भारतातल्या मोबाइल रिचार्जबरोबर आलेली आहे त्यांना हे आणखी लवकर करावे लागेल, कारण रिचार्ज संपला की ती वर्गणीही संपते आणि त्या कंपनीकडून केनियात ती सुरू ठेवण्याचा मार्ग नसतो.

देश बदलला की चित्रपटांची यादीही बदलते, हे आधीच समजून घेतलेले बरे. नेटफ्लिक्स ६ जानेवारी २०१६ रोजी एकाच दिवशी १३० नव्या देशांत गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये प्राइम व्हिडिओ जगभर पसरले, तरी प्रत्येक चित्रपटाचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात. मुंबईत दिसणारा मराठी चित्रपट नैरोबीत न दिसणे ही बिघाडाची खूण नाही. भारतीय सेवांपैकी काही भारताबाहेर उघडतच नाहीत. झी५ सारखी सेवा ऑक्टोबर २०१८ पासून भारताबाहेरही आहे. अशा सेवांचे बाहेरच्या देशासाठीचे दर आणि यादी भारतातल्यापेक्षा वेगळी असू शकते, म्हणून मराठी मालिकांसाठी वर्गणी भरायची असेल तर ती नैरोबीत आल्यावर, इथल्या इंटरनेटवरून त्यांचे पान उघडून, आपल्याला हवी ती मालिका यादीत आहे हे पाहूनच भरावी. भारतात निघण्यापूर्वी वर्षभराची वर्गणी एकदम भरून येणाऱ्यांची निराशा मी पाहिली आहे.

यादी बदलली म्हणून व्हीपीएन, म्हणजे आपला इंटरनेट पत्ता दुसऱ्या देशाचा दाखवणारी सोय, लावण्याचा सल्ला जो तो देतो. तो मी देणार नाही, आणि त्याचे कारण निव्वळ नियमाचे नाही. नेटफ्लिक्सला व्हीपीएन ओळखता आले की ते केवळ जगभराचे हक्क असलेले कार्यक्रम दाखवते, म्हणजे यादी वाढण्याऐवजी आटते. शिवाय व्हीपीएनमुळे आपला प्रवाह नैरोबीहून मुंबईला जाऊन परत येतो, आणि मग संध्याकाळी चाक फिरू लागले की आपण इंटरनेट कंपनीला दोष देतो. याहून मजेची गोष्ट अशी की अनेकांना आपल्याकडे व्हीपीएन आहे हेच ठाऊक नसते. कार्यालयाच्या लॅपटॉपवर ते आपोआप सुरू असते, किंवा भारतात असताना कुणी भाच्याने राउटरमध्ये काही तरी भरून दिलेले असते आणि तोच राउटर सामानातून इथे आलेला असतो.

ॲपच्या दुकानाविषयी थोडक्यात. गूगल प्लेचा देश ३६५ दिवसांत एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशातली शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही, म्हणून केनियात दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचे हे नक्की झाल्यावरच तो बदलावा. ॲपलमध्ये देश बदलण्याआधी खात्यातली शिल्लक संपवावी लागते आणि चालू वर्गण्या रद्द कराव्या लागतात. भारतातून आणलेल्या टीव्हीचे दुकान भारताचेच राहते, त्यामुळे केनियातल्या काही सेवांचे ॲप त्यात सापडत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये प्रदेश बदलण्याची जागा असते, काही टीव्हींना त्यासाठी संपूर्ण रीसेट द्यावा लागतो. टीव्हीचा व्होल्टेज इथे चालतो, प्लग मात्र इंग्लंडसारखा तीन चौकोनी दांड्यांचा लागतो. स्वस्त अडॅप्टर हलले की टीव्ही बंद होतो आणि तेही स्ट्रीमिंगच्या नावावर जमा होते.

जोडणी: आधी मोजा, मग फुंडीला बोलवा

आता नुसते चाक फिरण्याकडे येऊ. इथे अंदाज बांधण्यापेक्षा मोजणे सोपे आहे. फास्ट डॉट कॉम हे पान नेटफ्लिक्सचे आहे आणि ते नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरांवरून वेग मोजते. त्यावर आकडा आल्यानंतर अधिक माहिती दाखवण्याचे बटण दाबले की आपण कोणत्या शहरातून दिसतो आणि सर्व्हर कोणत्या शहरात आहेत हे लिहून येते. ही एक ओळ मला सगळ्या तक्रारींच्या चौकशीत सर्वांत उपयोगी पडली आहे. आपले शहर नैरोबीऐवजी मुंबई किंवा युरोपातले एखादे दिसत असेल तर कुठेतरी व्हीपीएन आहे, आणि वर सांगितलेल्या ठिकाणी ते शोधावे. आपले शहर नैरोबी आणि सर्व्हरही नैरोबी किंवा मोंबासा असेल तर मार्ग जवळचा आहे. सर्व्हर खंडाबाहेरचा असेल आणि असे रोज संध्याकाळी होत असेल, तर ही माहिती इंटरनेट कंपनीला लेखी द्यावी. इंटरनेट चालत नाही एवढ्या तक्रारीपेक्षा या तक्रारीला अर्थ असतो.

मोजणी दोनदा करावी: एकदा दुपारी तीनला, एकदा रात्री नऊला, आणि दोन्ही वेळा राउटरपासून दोन हात अंतरावर उभे राहून. त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या वेग मोजणाऱ्या पानावरही मोजावे. दोन्ही पाने रात्री कमी वेग दाखवत असतील तर इमारतीत किंवा परिसरात गर्दी आहे, किंवा योजनेतली ठरलेली डेटाची मर्यादा ओलांडल्यामुळे वेग कमी केला गेला आहे. दुसरे कारण असेल तर त्रास योजनेची मुदत संपत येताना सुरू होतो आणि नवी मुदत सुरू झाली की नाहीसा होतो. दुसरे पान चांगला वेग दाखवते पण फास्ट डॉट कॉम दाखवत नाही, असे असेल तर अडचण आपल्या कंपनीपासून सेवेच्या सर्व्हरपर्यंतच्या रस्त्यात आहे. दोन्ही पाने राउटरजवळ चांगली आणि टीव्हीजवळ वाईट असतील तर दोष वाय-फायचा आहे, आणि नैरोबीत हे फार वेळा घडते, कारण इथल्या अनेक जुन्या घरांच्या भिंती खाणीतल्या दगडाच्या ठोकळ्यांच्या असतात. ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय अशी एक भिंत कसाबसा ओलांडतो, दुसरी ओलांडत नाही. टीव्ही २.४ गिगाहर्ट्झवर जोडावा, किंवा सरळ वायर ओढावी. पन्नास-साठ शिलिंग मीटरची केबल हजारो शिलिंगच्या नव्या राउटरपेक्षा अधिक काम करते असा माझा अनुभव आहे.

किती वेग पुरे, याबद्दलही गैरसमज आहेत. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीनुसार ७२० पी साठी ३ एमबीपीएस, १०८० पी साठी ५ आणि ४के साठी १५ एमबीपीएस लागतात. घरात एकाच वेळी दोन टीव्ही आणि एक लॅपटॉप चालत असला तरी साधी फायबर योजना बहुधा पुरते. वेग वाढवून घेण्यापूर्वी वरची मोजणी करावी, नाहीतर महिन्याला जास्त पैसे भरून चाक तसेच फिरत राहील. फोनवर बंडल घेऊन पाहणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. नेटफ्लिक्सच्या मध्यम दर्जाला तासाला साधारण ०.७ जीबी आणि एचडीला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो, म्हणजे सफारीकॉमच्या *५४४# वरून घेतलेले २ जीबीचे बंडल मध्यम दर्जालाही तीन तास पुरत नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाचा वापर कमी करून ठेवावा आणि भाग वाय-फायवर उतरवून घ्यावेत.

आता मराठी प्रेक्षकाला विशेष लागू पडणारी गोष्ट, जी मला समजायला बराच काळ लागला. मोठ्या सेवा आपले कार्यक्रम प्रत्येक वेळी दूरदेशातून पाठवत नाहीत. नेटफ्लिक्स स्थानिक इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यात आपले साठवणीचे सर्व्हर ठेवते, आणि त्या भागात काय पाहिले जाईल याचा अंदाज घेऊन गर्दी नसलेल्या वेळी ते भरून ठेवते. केनियातल्या प्रेक्षकांना काय आवडते त्यावरून ते भरले जातात. नैरोबीतली मराठी कुटुंबे मोजकी. मराठी चित्रपट त्या साठ्यात नसण्याची शक्यता मोठी. मग तो दूरच्या सर्व्हरवरून, समुद्राखालच्या केबलमधून येतो. म्हणून रात्री नऊला मराठी चित्रपट अडकत असेल तर त्याच क्षणी एखादी जगभर गाजणारी मालिका लावून पाहावी. ती विनासायास चालत असेल तर आपली जोडणी, राउटर आणि वाय-फाय निर्दोष आहेत. अशा वेळी उपाय एकच आहे, आणि तो फुकट आहे: चित्रपट दुपारी किंवा पहाटे उतरवून ठेवावा आणि रात्री पाहावा.

समुद्राखालच्या केबलचा उल्लेख आला, तर त्याबद्दलही सांगणे आवश्यक आहे, कारण वर्षातून एखादे वेळी असा आठवडा येतो की सगळ्या शहराचे चाक फिरते. पूर्व आफ्रिकेत २००९ पर्यंत इंटरनेट मुख्यतः उपग्रहावरून यायचे. त्या वर्षी सीकॉम आणि टीम्स या केबल्स मोंबासाला पोहोचल्या आणि पुढच्या वर्षी ईसी ही केबल सुरू झाली. १२ मे २०२४ रोजी ईसी आणि सीकॉम या दोन्ही केबल्स दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एकाच दिवशी तुटल्या आणि केनियापासून टांझानियापर्यंत इंटरनेट मंदावले. त्याच वर्षी फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात काही केबल्सना इजा झालेली होतीच, त्यामुळे उत्तरेकडचा वळसाही मोकळा नव्हता. अशा वेळी राउटर बदलू नये, फुंडीला बोलावू नये, योजना वाढवू नये. साठ्यातले कार्यक्रम त्या दिवसांतही बऱ्यापैकी चालतात, दूरचे चालत नाहीत. केबल दुरुस्त करायला जहाज जावे लागते आणि त्याला दिवस लागतात. ओळखीच्या दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना एकाच वेळी त्रास होत आहे का हे विचारले की हा निष्कर्ष काढता येतो.

डीएनएसबद्दल, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेबद्दल, एक छोटी सूचना. काही सेवा, विशेषतः ज्यांचे स्वतःचे जाळे नाही आणि ज्या दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून कार्यक्रम पाठवतात, त्या आपला सर्व्हर निवडताना डीएनएस कुठून विचारणा करतो ते पाहतात. भारतात असताना फोनवर किंवा राउटरवर एखाद्या भारतीय कंपनीचा डीएनएस घालून ठेवला असेल तर आपल्याला नैरोबीजवळचा सर्व्हर न मिळता मुंबईचा मिळू शकतो. अँड्रॉइड फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस हे सेटिंग पाहावे आणि ते स्वयंचलित ठेवावे.

उरलेली अडचण स्टिमाची, म्हणजे विजेची. वीज गेल्यावर टीव्ही इन्व्हर्टरवर चालू राहिला तरी फायबर भिंतीतून ज्या छोट्या डब्यात येते तो डबा आणि राउटर वेगवेगळे असतात, आणि लोक यूपीएसला फक्त राउटर जोडतात. डबा बंद पडला की राउटरचे दिवे लागलेले दिसतात, वाय-फायही दिसते, पण इंटरनेट नसते. दोन्ही एकाच १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर जोडता येतात. घेण्यापूर्वी दोन्हींच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून घ्यावेत. वीज परत आल्यावर काही टीव्हींचे घड्याळ जुन्या तारखेवर जाते. तारीख चुकीची असेल तर ॲपला सर्व्हरचे प्रमाणपत्र वैध वाटत नाही आणि ते जोडणी नाही असे सांगते, जरी त्याच वाय-फायवर फोन व्यवस्थित चालत असला तरी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये तारीख व वेळ इंटरनेटवरून घेण्याचा पर्याय सुरू करावा आणि वेळक्षेत्र भारताचे राहिले असेल तर ते नैरोबीचे करावे.